उमेद आधी की काम आधी?

हताश माणसाला आपण हमखास देतो तो सल्ला म्हणजे ‘आयुष्यात काहीतरी ध्येय ठेव’. देणारा मनापासून देतो, ऐकणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत अंथरुणातच पडून राहतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत शिरलं की याच एका सल्ल्याची पुस्तकं रचून ठेवलेली दिसतात. निम्म्याहून अधिक अनुवादित, मुखपृष्ठावर डोंगर किंवा उगवता सूर्य. या सगळ्या पुस्तकांची भिस्त एका समजुतीवर आहे: आधी ध्येय सापडतं, ध्येयातून उमेद येते, आणि उमेद आली की हातपाय आपोआप हलायला लागतात. गेल्या नव्वदेक वर्षांत हताशपणाचा ज्यांनी नेटाने अभ्यास केला, त्यांच्या हाती मात्र बहुतेक वेळा उलटाच क्रम लागला. तो कसा, आणि तो कुठे अपुरा पडतो, हे जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे.

सुरुवात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावापासून करावी. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं आणि १९२९-३०च्या सुमारास मंदीत ती गिरणी बंद पडली. गावात ४७८ कुटुंबं. त्यातल्या तीनचतुर्थांश घरांत एकालाही नियमित काम उरलं नाही. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण समाजशास्त्रज्ञांनी १९३१-३२मध्ये गावात मुक्काम ठोकला. कामगार चळवळीतल्या लोकांचा तेव्हा एक भाबडा अंदाज होता: वेळ मिळाला की कामगार वाचेल, एकत्र येईल, पेटून उठेल. घडलं भलतंच. वाचनालयाची वर्गणी माफ केली, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलं. पुरुषांनी घड्याळं वापरणं सोडलं. अभ्यासक खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांची चाल मोजत. पुरुष चार पावलं टाकायचे, थांबायचे, उगाच इकडेतिकडे बघायचे, पुन्हा चार पावलं टाकायचे. दिवसभरात काय केलं ते तासवार लिहून द्यायला सांगितलं, तर कागद भरेना.

बायका मात्र त्याच रस्त्याने झपाझप जात होत्या. गिरणीतली नोकरी त्यांचीही गेली होती, पण चूल, धुणं, पोरं सुटली नव्हती. दूध आणायला उशीर झाला तर घरात कुणीतरी रडणार होतं. त्यांना आयुष्याचं ध्येय गवसलं होतं असं अहवालात कुठेही म्हटलेलं नाही. त्यांच्या दिवसाला फक्त कणा उरला होता. याहोदाने पुढे आयुष्यभर हा धागा सोडला नाही. नोकरी पगाराबरोबर आणखी पाच गोष्टी गुपचूप देते असं तिचं म्हणणं: दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसं, चारचौघांचं मिळून एखादं उद्दिष्ट, समाजात ओळख आणि सक्तीची हालचाल. नोकरी गेली की या पाचही गोष्टी एकदम जातात, आणि माणूस समजतो की आपल्यातच काहीतरी बिघडलं.

याच अभ्यासातली दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. अभ्यासकांनी कुटुंबांची विभागणी केली: न खचलेली, मन मारून जगणारी, हताश, आणि सगळंच सोडून दिलेली. मग दरमहा माणशी उत्पन्न लावून पाहिलं. न खचलेल्यांकडे साधारण ३४ शिलिंग, मन मारणाऱ्यांकडे ३०, हताशांकडे २५ आणि शेवटच्या गटाकडे १९. म्हणजे उमेद आणि उद्ध्वस्तपणा यांत महिन्याला पंधरा शिलिंगांचं अंतर होतं. सकारात्मक विचारांच्या शिबिरांत हा तक्ता मोठा करून लावायला हवा, असं मला नेहमी वाटतं.

गंमत अशी की जवळच्याच व्हिएन्ना शहरात, त्याच वर्षांत, एक तरुण डॉक्टर बेकार मुलांना तपासत होता. व्हिक्टर फ्रँकल. आउश्वित्झच्या छळछावणीत जाण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. शाळांची प्रगतिपुस्तकं हाती पडण्याच्या दिवसांत मुलं जिवाचं बरंवाईट करतात हे पाहून त्याने तेवढ्या काळापुरती खास मोफत सल्लाकेंद्रं चालवली होती. (आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात हेल्पलाइन सुरू होतात, त्यांची ही थोरली बहीण.) बेकार तरुणांबद्दल त्याचं निरीक्षण असं की त्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलेलं असतं: मला काम नाही, म्हणजे मी निरुपयोगी, म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. त्याने काही जणांना ग्रंथालयात, युवक संघटनांत विनावेतन कामाला लावलं. पोट रिकामंच राहिलं, पण मनाचा झाकोळ कमी झाला.

पुढे फ्रँकलची पत्नी, आईवडील आणि भाऊ नाझींच्या छळात गेले. सुटून आल्यावर नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलेलं त्याचं पुस्तक १९४६मध्ये आलं आणि जगभर ‘अर्थ शोधा’ या सल्ल्याचा मूळ ग्रंथ मानलं गेलं. पण पुस्तक नीट वाचलं तर फ्रँकल कुणाला डोळे मिटून आत डोकवायला सांगत नाही. छावणीत मरायला निघालेल्या दोघांची हकिगत त्यात आहे. एकाचं मूल परदेशात त्याची वाट पाहत होतं, दुसऱ्याची शास्त्रीय पुस्तकांची मालिका अर्धवट राहिली होती. कुणीतरी किंवा काहीतरी त्यांच्यासाठी बाहेर थांबलेलं होतं, आणि त्यांच्याऐवजी दुसरा कुणी चालणार नव्हता. अर्थ त्याने बाहेर ठेवला, दुसऱ्याच्या गरजेत. नंतरच्या प्रेरणा-उद्योगाने तो उचलून ‘स्वतःचा शोध’ या पेटीत टाकला.

मेंदूच्या अंगाने हाच प्रश्न १९६७मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी हाताळला. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. त्यातल्या एका गटाला झटका थांबवण्याची सोय होती, दुसऱ्याला काहीही केलं तरी सुटका नव्हती. नंतर साधी उडी मारून पळता येईल अशा पेटीत ठेवलं, तेव्हा दुसऱ्या गटातली बरीचशी कुत्री उडीच मारेनात. पडून राहिली. लाचारी शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला आणि पाठ्यपुस्तकांत बसला. मग २०१६मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी, याच दोघांनी आपला सिद्धान्त जाहीरपणे उलटा केला. लांबलेल्या त्रासात निपचित पडणं ही मेंदूची जन्मजात प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. पन्नास वर्षं ज्यावर नाव झालं ते मत स्वतःच मोडायला धाडस लागतं. पण मुद्दा त्याहून कामाचा आहे. हताश माणूस आळशी नसतो, त्याचा मेंदू संकटात जे करायला बांधलेला आहे तेच करतोय. त्याला भाषणाने जाग येत नाही. आपल्या हातून काही केलं आणि त्याने काही हललं, असा पुरावा लागतो, अगदी क्षुल्लक का असेना.

हा पुरावा पद्धतशीरपणे जमवण्याच्या उपचाराला बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. १९७०च्या दशकात पीटर लुइनसन यांनी त्याचा पाया घातला आणि त्याची एक मोठी परीक्षा आपल्या शेजारी, गोव्यात झाली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली होती. संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राची पदवी नसलेले पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. तीन महिन्यांनी पाहिलं तर बैठकांच्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. तिथेच वर्षभर आधी ब्रिटनमधल्या ४४० रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यातही हा साधा उपचार महागड्या विचारपद्धतीच्या उपचाराहून उणा ठरला नव्हता.

बैठकीत घडतं काय? जे घडतं ते ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं. गेल्या आठवड्यात कुठल्या वेळी काय केलं आणि तेव्हा कसं वाटत होतं, याची नोंद काढायची. त्यात जरा बरं वाटल्याचा एखादा क्षण सापडतोच: अंगणातल्या झाडांना पाणी घालताना, नाहीतर पोराला शाळेत सोडून येताना. पुढच्या आठवड्यात त्यातलं एक काम, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. बाजारात जायचं जड वाटत असेल तर फाटकापर्यंत. लोकांशी बोलणं तोडलं असेल तर फक्त शेजारणीकडे, तेही ताक मागायला. काम झालं का आणि झाल्यावर मनाला काय वाटलं, एवढंच पुढच्या वेळी बोलायचं. ‘बरं वाटलं की करीन’ असं रुग्ण म्हणतो. समुपदेशक म्हणतो, आधी करून पाहू, मग बरं वाटतं का ते बघू. आयुष्याच्या ध्येयाचा विषय निघाला तर निघतो, बहुधा उशिरा. यात जादू नाही: तिघांपैकी एक जण बैठकांनंतरही बरा झाला नव्हता, हे आकड्यांतच आहे.

मराठी माणसाला हा क्रम परका वाटू नये. १६३०च्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याचा धंदा बुडाला, बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, चारचौघांत पत गेली. तुकारामांनी स्वतःच्या आयुष्याची ही हकिगत एका अभंगात सांगून ठेवली आहे आणि तिच्यातला घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. सगळं गेल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ सावरण्याची. मग संतांची वचनं पाठ केली, कीर्तनात पुढे गाणाऱ्याच्या मागे उभं राहून ध्रुपद धरायला लागले, जमेल तसे लोकांच्या उपयोगी पडले. कवित्व आलं ते या सगळ्यानंतर. आपण मात्र शाळेत पोरांना कवित्वापासून तुकाराम शिकवतो आणि चिखलमातीचा भाग गाळतो.

ध्येयाच्या बाजारात सध्या सगळ्यात खपणारा माल जपानी आहे, ‘इकिगाई’. त्याची चार वर्तुळांची आकृती आता कंपन्यांच्या प्रशिक्षणांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे दिसते: तुम्हाला आवडतं ते, तुम्हाला जमतं ते, जगाला हवं ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते. चौघांच्या छेदात तुमचं इकिगाई. आकृती जपानी नाहीच. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश माणसाने ध्येयासाठी काढलेली वर्तुळं २०१४मध्ये मार्क विन या ब्रिटिश लेखकाने उचलली आणि मधल्या शब्दाच्या जागी इकिगाई लिहून टाकलं. हताश माणसापुढे ती धरली तर तो चारही वर्तुळं रिकामी बघतो आणि आणखी खचतो.

जपानमध्ये या विषयावर पहिलं वजनदार पुस्तक लिहिलं ते मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, १९६६मध्ये. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम करत. तिथल्या रुग्णांना पगार नव्हता, जगाला ते नको होते, घरच्यांनी नाव टाकलेलं. तरी एकाच छपराखाली कुणी दिवस ढकलत होता आणि कुणी बाहेरच्या माणसाहून भरलेलं आयुष्य जगत होता. हा फरक कशाने पडतो हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या उत्तरात पैशाचं वर्तुळ येत नाही.

कुष्ठरोगाचं नाव निघालं की आपल्याला वरोरा आठवणारच. आनंदवनाबद्दल इतकं गहिवरून लिहिलं गेलं आहे की त्यातली रोकडी युक्ती झाकली जाते. बाबा आमट्यांनी बोटं झडलेल्या माणसांच्या हाती आधी फावडं दिलं. त्यांनी खडकाळ माळ फोडला, विहिरी खणल्या, भाजीपाला काढला. पुढे आनंदवनाने धडधाकट गावकऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेज उभं केलं. घेणारा देणारा झाला. आनंदवनातल्या माणसांना कुणी अर्थ समजावून सांगत बसलं नाही, त्यांच्यावर विसंबणारी माणसं तयार केली गेली.

तेव्हा ध्येय असलं की झालं, हे खरं नाही. आणि ज्याच्याकडे ध्येय आहे तो हताश होत नाही, हे तर मुळीच नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत नाहीतर नवी पेठेत संध्याकाळी फिरून पाहा. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने घेतलेली खुर्ची, समोर भिंतीला चिकटवलेला अभ्यासक्रम, मेसचा डबा, आणि बोलण्यात एकच हिशोब: कितवा अटेम्प्ट, किती मार्कांनी पोस्ट गेली. या मुलांइतकं स्पष्ट ध्येय महाराष्ट्रात दुसऱ्या कुणापाशी नसेल. राज्यसेवेला अर्ज लाखांत, जागा काहीशे. खुल्या गटाला वयाची अट ३८, राखीव गटांना ४३. म्हणजे ऐन उमेदीची पंधरा वर्षं या खुर्चीत जाऊ शकतात. मार्च २०२१मध्ये परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली, ती केवळ तारखेसाठी नव्हे. २०२३मध्ये परीक्षा वर्णनात्मक करण्यावरून पुन्हा आंदोलन झालं आणि नवी पद्धत २०२५पर्यंत लांबवली गेली. आपण काय केलं आणि त्याने काय हललं, यांतला दुवाच इथे तुटलेला असतो. सेलिगमनची पेटी आठवते ती इथे. शिवाय ‘निकाल लागेपर्यंत’ म्हणून बाकी सगळं थांबवलेलं असतं: लग्न, छोटी नोकरी, गावची जत्रा, जुने मित्र. याहोदाच्या पाचांपैकी चार गोष्टी मुलाने स्वतःच्या हाताने बंद केलेल्या असतात, एका मोठ्या ध्येयासाठी. दुसरा काही विचार करून ठेवणं हे अभ्यासिकेत कच्चेपणाचं लक्षण समजलं जातं, आणि क्लासवाले ते समजू देतात; त्यांचा धंदा त्यावरच आहे.

हताशपणाकडे दुःखाहून वेगळं पाहावं लागतं, याला वैद्यकीय कारणही आहे. ॲरन बेक यांनी १९७४मध्ये हताशपणा मोजणारी वीस विधानांची प्रश्नावली तयार केली. आत्महत्येचे विचार येणाऱ्या २०७ रुग्णांचा त्यांनी पुढे पाच ते दहा वर्षं माग ठेवला. त्यातल्या १४ जणांनी जीव दिला. १९८५मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा दिसलं की नैराश्य किती तीव्र यापेक्षा पुढचं सगळं अंधारलेलं आहे अशी खात्री किती, यावरून धोका जास्त नेमका कळत होता. म्हणून ‘काहीच बदलणार नाही’ हे वाक्य घरात कुणी वारंवार बोलू लागलं, झोप-भूक उडाली, आवडीच्या गोष्टींतही दोन-दोन आठवडे मन लागेना, तर उपदेश बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्यावं. थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरताही असा चेहरा घेऊन येते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे खूप. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता पुन्हा पंधरा शिलिंगांकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. सगळ्यात मोठा गट रोजंदारीवरच्या मजुरांचा, एकचतुर्थांशाहून अधिक. या माणसांना ध्येय कमी पडलं असं म्हणायला जीभ धजावत नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने थेट रोख मदत द्यायला सुरुवात केली, तेव्हा मदत मिळालेल्या भागांत आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या. २०१९मध्ये हा अभ्यास आला. समुपदेशनाने जे होतं तेही कमी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम दीड वर्ष चालला. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक उपचार घेत होते, नंतर २७ टक्के घ्यायला लागले. पण सावकाराचा तगादा चालू असताना ‘रोज पंधरा मिनिटं चाला’ हा सल्ला पुरणार नाही, हे गावातल्या कार्यकर्त्याला आपल्याआधी कळतं.

मनाचं आणि पैशाचं अशी दोन्ही टोकं एकत्र बांधण्याचे प्रयत्न मोजके आहेत, पण आहेत. त्यांची सुरुवात नुसत्या विचारपुशीपासूनही होते: सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या डॉक्टरांनी पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना अधूनमधून चार ओळींचं पत्र पाठवलं: आठवण आली, बरे असाल, वाटलं तर कळवा. मागणं काही नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प याच दिशेने उभा केला. गावातलाच एखादा विश्वासाचा माणूस किंवा बाई हेरायची, ऐकून घ्यायचं आणि छोटी कामं आखून द्यायचं प्रशिक्षण द्यायचं. आणि त्याच माणसाने त्या घराला विधवा पेन्शन, अपंगांचं अनुदान अशा योजनांपर्यंतही पोचवायचं. मन आणि कागदपत्रं एकाच पिशवीत. मला वाटतं, या सगळ्या आढाव्यातली ही सर्वांत शहाणी रचना आहे. पुढे ती गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली.

अडचण एकच, आणि ती पैशाचीच. असली कामं स्वयंसेवकांवर नाहीतर आशा सेविकांवर पडतात. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारने २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही घरोघर जाऊन खचलेली माणसं हेरण्याचं काम आशांकडेच आलं. गर्भवतींच्या नोंदी, लसीकरण, क्षयरोगाचं सर्वेक्षण आणि त्यात हे. २०२४च्या सुरुवातीला याच आशा सेविका कबूल केलेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या होत्या.